परदेशांतील विद्यार्थी आणि वीस तासांची कमाई

[नभोवाणीवरील भाषण]

कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळीं हातांत एक वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या कन्येस इंग्लंडमधील एका विद्यापीठांत एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीं प्रवेश मिळाला आहे. मी स्वतः कांहीं काळ तेथें शिकलों असल्यामुळें, "हा जमाखर्च एकवार डोळ्यांखालून घाला," असें त्यांनीं मला विनविलें. वहींत डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च असें सारें मोठ्या व्यवस्थितपणें मांडलें होतें. खर्चाच्या बाजूस विद्यापीठाचें शुल्क, राहण्याजेवण्याचा खर्च आणि विमानाचें भाडें होतें. जमेच्या बाजूस घराच्या तारणावर मिळणारें कर्ज, भविष्यनिर्वाह निधींतील रक्कम, आणि तिसरी ओळ अशी होती: 'मुलीची तेथील कमाई, १६,५०० पौंड.' दोन्ही बाजूंच्या बेरजा बरोबर जुळत होत्या. मात्र त्या जुळत होत्या त्या केवळ या तिसऱ्या ओळीच्या बळावर.

ही ओळ कोठून आली, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "अहो, सत्र चालूं असतांना आठवड्यास वीस तास काम करण्याची मुभा आहे. वीस तास म्हणजे रोजचे तीन तास सुद्धां नाहींत! उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तर चाळीस तास. ताशीं पावणेतेरा पौंड मिळतात. करा गुणाकार." गुणाकार मीं केला. तो बिनचूक होता. आणि तरीहि ती ओळ चुकीची होती. ती कां चुकीची होती, हें सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे; कारण अशा वह्या आज पुण्यामुंबईच्याच नव्हे, तर महाराष्ट्रांतील अनेक शहरांतील सुशिक्षित घरांत लिहिल्या जात आहेत, आणि त्यांच्या तिसऱ्या ओळीवर राहतीं घरें गहाण पडत आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकतां शिकतां कष्ट करण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मराठी समाजाला तर हें मुळींच नवीन नाहीं. माधुकरी मागून, किंवा सात घरीं सात वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा आपल्यापैकीं अनेकांच्या घराण्यांत अजून सांगितल्या जातात. त्या विद्यार्थ्यांच्या पदरीं पडणारें अन्न मात्र दुसऱ्याच्या दयेचें असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि मुलांना श्रम करून शिकण्याची वाट दाखविली, तेव्हां दयेची जागा स्वाभिमानानें घेतली. 'कमवा आणि शिका' हे शब्द तेव्हांपासून आपल्या घरोघर पोंचले. परदेशांतहि अशीं उदाहरणें आहेत. १९२२ सालीं अमेरिकेस गेलेले जयप्रकाश नारायण तेथें मळ्यांत, कारखान्यांत आणि उपाहारगृहांत मजुरी करून शिकले. उलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. परंतु त्यांतून एक धडा निघतो. शिक्षणाची किंमत कोणी पैशानें देतो, कोणी वेळानें देतो. एकच तास मात्र धन्याला आणि ग्रंथाला दोघांनाहि देतां येत नाहीं.

रयतेच्या वसतिगृहांतील मुलगा आणि आज इंग्लंडांत शिकणारी मुलगी यांच्यांत आणखी एक भेद आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. पहिला आपल्याच देशांत होता. त्यानें दिवसाकाठीं किती तास काम करावें हें त्याची प्रकृति आणि त्याचे गुरुजन ठरवीत. परदेशांत काम करण्याचा हक्क असा आपोआप मिळत नाहीं. तेथील सरकार तो मोजून देतें, आणि ज्या व्हिसावर विद्यार्थी तेथें राहतो त्या व्हिसाची ती एक अट असते. अट मोडली म्हणजे केवळ नोकरी जाते असें नाहीं. शिक्षणाचा पायाच उखडतो.

हें माप कसें असतें, तें ब्रिटनच्या उदाहरणानें पाहूं. तेथें पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांस सत्रकाळांत बहुधा आठवड्यास जास्तींत जास्त २० तास काम करतां येतें. पदवीहून खालच्या अभ्यासक्रमास ही मर्यादा १० तासांची आहे. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार असे सात दिवस. यांत सरासरी चालत नाहीं. गेल्या आठवड्यांत बाराच तास झाले म्हणून या आठवड्यांत अठ्ठावीस करूं, असें म्हणतां येत नाहीं. दोन ठिकाणीं नोकरी असेल तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात. एखाद्या ठिकाणीं बिनपगारी काम पत्करलें असेल, तर तेंहि या वीस तासांतच मोजलें जातें.

सुट्टींत पूर्ण वेळ काम करण्याची मुभा आहे, हें खरें. पण सुट्टी कोणती, तें विद्यार्थ्यानें ठरवावयाचें नसून विद्यापीठानें ठरवावयाचें असतें. आणि आमच्या शेजाऱ्यांच्या गुणाकारांतील मोठी चूक येथेंच होती. तीन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्यास उन्हाळा म्हणजे खरोखरच सुट्टी. एक वर्षाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. जून ते सप्टेंबर हा त्याचा प्रबंध लिहिण्याचा काळ. वर्ग भरत नाहींत, ग्रंथालय अर्धें रिकामें असतें, पदवीचे विद्यार्थी घरोघर गेलेले असतात. तरी त्याच्यासाठीं तो सामान्यतः सत्रकाळच असतो आणि वीस तासांची मर्यादा तशीच लागूं राहते. वहींत धरलेले उन्हाळ्याचे तेरा आठवडे, दर आठवड्यास चाळीस तास, म्हणजे ५२० तास. त्यांतील निम्मे तर कायद्यानेंच पुसले गेले.

कोणतें काम करावें, यालाहि मर्यादा आहे. विद्यार्थी-व्हिसावर स्वतंत्र धंदा करतां येत नाहीं. नोकरी मात्र करतां येते. हा भेद वरवर बारीक दिसतो, पण अनेक मुलें याच ठिकाणीं ठेंचाळतात. मोबाइलवरील अ‍ॅपच्या मार्गानें दुचाकीवरून घरोघर जेवण पोंचविण्याचें काम सहज मिळण्यासारखें दिसतें. परंतु अशा कामांत कंपनी त्या मनुष्यास बहुधा नोकर न मानतां स्वतंत्र व्यावसायिक मानते. म्हणून विद्यार्थ्यास तें निषिद्ध आहे. मग तें आठवड्यास दोनच तास केलें तरी नियमभंग तो नियमभंगच. दुसऱ्याच्या नांवावर उघडलेल्या खात्यावर हें काम करण्याचा सल्ला देणारेहि भेटतात. असा सल्ला देणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. ऐकणाऱ्याचें सर्वस्व जातें.

आतां मिळकतीकडे वळूं. ब्रिटनमध्यें २१ वर्षें व त्यावरील कामगारास कायद्यानें द्यावयाचें किमान वेतन १ एप्रिल २०२५ पासून ताशीं १२ पौंड २१ पेन्स होतें. १ एप्रिल २०२६ पासूनचा दर १२ पौंड ७१ पेन्स असा ठरला. १८ ते २० वर्षांच्या तरुणांस तो कमी, म्हणजे १० पौंड ८५ पेन्स आहे. पूर्ण वीस तास काम केलें तर आठवड्यास २५४ पौंड २० पेन्स होतात. महिन्याचे सरासरी सुमारें १,१०० पौंड. आठवड्यास २४२ पौंडांवर होणाऱ्या मिळकतीवर शेंकडा ८ प्रमाणें राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते, म्हणजे येथें आठवड्यास जेमतेम एक पौंड. प्राप्तिकर वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर नसतो. करांचा बोजा, एकंदरींत, भारी नाहीं.

आतां या ११०० पौंडांस खर्चाशेजारीं ठेवूं. खर्चाचा एक अंदाज खुद्द ब्रिटिश सरकारानेंच करून ठेविला आहे. विद्यार्थ्यानें व्हिसा मागतांना निर्वाहासाठीं अमुक रक्कम आपल्याजवळ असल्याचें दाखवावें लागतें. ११ नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम लंडनमध्यें महिन्यास १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड अशी आहे, आणि ती जास्तींत जास्त नऊ महिन्यांची दाखवावी लागते. म्हणजे लंडनबाहेर राहून, एकहि आठवडा न चुकवितां, वीसच्या वीस तास काम केलें, तरी सरकारनें धरलेला महिन्याचा निर्वाहखर्च सुद्धां पुरता निघत नाहीं. लंडनची तर गोष्टच नको. विद्यापीठाचें शुल्क तर अजून या हिशेबांत आलेंच नाहीं.

शिवाय एकहि आठवडा न चुकणें कोणाला साधतें? पहिला महिना दीड महिना घर शोधण्यांत, बँकेंत खातें उघडण्यांत आणि कामासाठीं अर्ज करण्यांत जातो. परीक्षेचे आठवडे वेगळे काढावे लागतात. उपाहारगृहें आणि दुकानें नाताळापूर्वीं हवे तितके तास देतात आणि जानेवारींत तेच तास अर्ध्यावर आणतात. करारांत ठरावीक तासांची हमी नसेल तर धन्यावर तास देण्याची सक्ति नसते. म्हणून मीं आमच्या शेजाऱ्यांस दुसरा गुणाकार करून दाखविला: वर्षांत ४० आठवडे, दर आठवड्यास १४ तास, म्हणजे ५६० तास, त्याचे ७,११७ पौंड. लंडनबाहेर महिन्यास १,१७१ पौंड या दरानें बारा महिन्यांचा निर्वाह १४,०५२ पौंड होतो. तात्पर्य, काम मिळालें, टिकलें आणि प्रकृति चांगली राहिली, तर मुलगी आपल्या पोटाचा निम्मा भार उचलूं शकेल. शुल्कापैकीं मात्र एक पौंडहि या कमाईंतून निघावयाचा नाहीं. एवढें एक वाक्य श्रोत्यांनीं लक्षांत ठेविलें, तरी माझें आजचें काम झालें.

आपल्याकडे पौंडाचे रुपये करून पाहण्याची संवय आहे. महिन्यास ११०० पौंड म्हणजे लाखाच्या वर रुपये, असें म्हणतांच आईबापांचे डोळे दिपतात. पण मुलगी रुपयांत कमावणार नाहीं आणि रुपयांत खर्चहि करणार नाहीं. ती पौंडांत कमावील, आणि खोलीचें भाडें पौंडांत भरील. रुपयांचा गुणाकार खरा ठरतो तो फक्त एका ठिकाणीं: घरून पैसे मागविण्याची पाळी आली म्हणजे.

येथें मला एका नाजूक गोष्टीविषयीं बोललें पाहिजे. सरकारला दाखवावयाचे पैसे सलग २८ दिवस खात्यावर असावे लागतात. पुष्कळ घरांत असें होतें कीं काकांकडून कांहीं, मामांकडून कांहीं, असे उसने पैसे गोळा करून ते खात्यावर ठेवितात, व्हिसा मिळाला कीं ज्याचे त्याला परत करतात. कोणी फसवितो आहे असें कोणाला वाटत नाहीं. सर्वजण मुलीच्या कल्याणासाठींच झटत असतात. पण त्याचा परिणाम काय होतो? कागदावर जी रक्कम होती ती मुलीच्या हातीं नसते. ती रक्कम ठेवण्यामागचा हेतु हाच होता कीं परक्या देशांत पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्यावर पहिल्याच हिंवाळ्यांत वाटेल तें काम पत्करण्याची पाळी येऊं नये. आपण घरीं बसून तो बांध फोडतों, आणि मग पाणी मुलीच्या गळ्याशीं येतें.

मग ती काय करते? घरीं कळविण्याचा संकोच वाटतो. 'बाबांनीं घर गहाण टाकलें आहे, त्यांना आणखी काय सांगूं?' वीस तासांचें काम कायदेशीर असतें. त्यावर दहापंधरा तासांचें काम एखाद्या उपाहारगृहाच्या मागच्या खोलींत रोखीनें मिळतें. माझ्या विद्यार्थिदशेंत माझ्या ओळखीच्या एका मुलानें असें काम धरलें होतें. कायद्याच्या दराहून पुष्कळ कमी पैसे त्याला मिळत. शेवटच्या पांच आठवड्यांचे तर मिळालेच नाहींत. तक्रार कोठें करणार? तक्रार करणें म्हणजे स्वतःचा नियमभंग स्वतःच्या तोंडानें सांगणें. धन्याला हें पक्कें ठाऊक होतें, आणि त्याच्या स्वस्ताईचें सारें रहस्य तेंच होतें. जो कायद्याबाहेर काम करतो तो कायद्याच्या संरक्षणाबाहेरहि जातो.

शिक्षा किती कडक आहे हेंहि सांगितलें पाहिजे. परवानगीवांचून काम करणें हा २०१६ च्या कायद्यानें तेथें गुन्हा ठरला असून अशी कमाई जप्तहि होऊं शकते. व्हिसा रद्द होऊं शकतो, आणि पुढील प्रत्येक अर्जावर त्याची छाया पडते. काम देणाऱ्यासहि २०२४ च्या फेब्रुवारीपासून एका कामगारामागें पहिल्या खेपेस ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा तेंच घडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. म्हणून प्रामाणिक धनी विद्यार्थ्याचे कागद काळजीपूर्वक तपासतो, सत्राच्या तारखा मागतो, वीसच्या वर तास देण्यास साफ नकार देतो. हा नकार ऐकून विद्यार्थ्यांना राग येतो. खरें म्हणजे चांगल्या धन्याची ती पहिली खूण आहे.

वीस तासांची ही मर्यादा केवळ परक्यांना अडविण्यासाठींच घातली आहे असेंहि नाहीं. ब्रिटनमधील पदव्युत्तर वर्ष सामान्यतः १८० श्रेयांकांचें असतें आणि एका श्रेयांकास दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे वर्षास १,८०० तास. आठवड्यास सुमारें पस्तीस ते चाळीस. त्यांत वीस तासांची मजुरी मिळविली म्हणजे साठ तास होतात. स्वयंपाक, कपडे, प्रवास हें सारें त्यानंतर. आमचे शेजारी म्हणाले होते कीं वीस तास म्हणजे रोजचे तीन सुद्धां नाहींत. परंतु काम रोज तीन तास वांटून मिळत नाहीं. तें शुक्रवारीं रात्रीं आठ तास आणि शनिवारीं आठ तास असें मिळतें, आणि सोमवारीं सकाळीं वर्गांत बसलेली मुलगी डोळे उघडे ठेवण्याची पराकाष्ठा करीत असते.

इतर देशांत माप निराळें असलें तरी तत्त्व हेंच आहे. ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२३ पासून सत्रकाळांत दोन आठवड्यांस ४८ तासांची मर्यादा घातली. कॅनडानें नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळांत विद्यापीठाबाहेरील कामाची मर्यादा उठविली होती. नंतर ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती आठवड्यास २४ तास अशी ठरली. त्या सवलतीच्या काळांत गेलेल्या मुलांचे अनुभव ऐकून ज्यांनीं पुढें आपले हिशेब मांडले, त्यांची फसगत झाली. जर्मनींत मार्च २०२४ पासून वर्षास १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मोजणी आहे. अमेरिकेचा नियम सर्वांत कडक: सत्रकाळांत विद्यापीठाच्या आवारांतच आठवड्यास २० तास, आवाराबाहेर पहिल्या शैक्षणिक वर्षांत सामान्यतः मुळींच नाहीं, आणि नंतरहि स्वतंत्र परवानगी घेऊनच. हे नियम बदलतात. म्हणून दोन वर्षांपूर्वीं गेलेल्या आतेभावाच्या सांगण्यावर विसंबूं नये, आणि प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालाच्या आश्वासनावर तर नाहींच नाहीं. त्या त्या सरकारचा नियम आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीचें लेखी उत्तर, हीं दोनच प्रमाणें मानावीं.

इतकें सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग काम करूंच नये काय? अवश्य करावें, मात्र तें पोटाच्या धास्तीनें नव्हे, विचारानें करावें. पहिलें काम शक्यतों विद्यापीठाच्या आवारांतच पाहावें. ग्रंथालयांत पुस्तकें लावणें, नव्या विद्यार्थ्यांना आवार दाखविणें, प्रयोगशाळेंत मदत करणें, भोजनगृहांत वाढणें, अशीं कामें तेथें असतात. मीं स्वतः एक हिंवाळा विद्यापीठाच्या भोजनगृहांत भांडीं विसळलीं. चार वाजतां अंधार पडे, हात गरम पाण्यानें सुरकुतून जात. पण परीक्षा जवळ आली तेव्हां मुकादमीण बाईंनीं आपण होऊनच माझे तास कमी केले, कारण विद्यापीठाचें वेळापत्रक त्यांच्या भिंतीवरच टांगलेलें होतें. आवाराबाहेरचा धनी इतका विचार करीलच असें नाहीं. त्याच भांड्यांच्या ढिगाशेजारीं मी रोजच्या व्यवहाराची इंग्रजी बोलावयास शिकलों, आणि हुकूम घेणाऱ्याच्या बाजूनें जग कसें दिसतें हें मला पहिल्यानें कळलें. हा लाभ पैशांत मोजतां येत नाहीं.

कांहीं व्यावहारिक सूचना थोडक्यांत सांगतों. काम करण्याचा आपला हक्क धन्यास दाखविण्यासाठीं सरकारी संकेतस्थळावरून एक सांकेतिक क्रमांक काढून द्यावा लागतो. तो मागणारा धनी रीतसर वागणारा समजावा. राष्ट्रीय विम्याचा क्रमांक मिळावयाचा असला तरी, काम करण्याचा हक्क सिद्ध करतां येत असल्यास, अर्ज चालूं असतांना कामास आरंभ करतां येतो. प्रत्येक पगाराबरोबर पगाराचें लेखी पत्रक मिळणें हा हक्क आहे. तें जपून ठेवावें. थोड्या तासांच्या कामगारासहि भरपगारी रजा मिळते. तिची मागणी करण्यांत संकोच नसावा. काम मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणें तेथें सामान्यतः बेकायदेशीर आहे. तेव्हां 'आधीं शंभर पौंड भरा' असें म्हणणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा. प्राप्तिकर अधिक कापला गेला असेल तर तो परत मागतां येतो. आणि एका लहानशा वहींत दर सोमवारपासून आपल्या तासांची नोंद ठेवावी. वीस तास मोजण्याची जबाबदारी शेवटीं आपलीच असते.

आतां पुन्हा त्या पहिल्या वहीकडे येतों. त्या संध्याकाळीं आम्ही तिसरी ओळ खोडली. शिवाय खर्चाच्या बाजूस एक ओळ वाढली. कारण व्हिसाबरोबर भरावयाचा आरोग्य अधिभार, वर्षास ७७६ पौंड, कोणाच्या ध्यानींच नव्हता. बेरजा अर्थात् जुळेनाशा झाल्या. गृहस्थ बराच वेळ स्तब्ध बसले होते. मग त्यांची कन्या, जी आतांपर्यंत दाराशीं उभी राहून ऐकत होती, ती पुढें आली आणि म्हणाली, "काका, ही ओळ माझ्या नांवावर होती, पण ती लिहितांना मला कोणीं विचारलें नव्हतें. मला वीस तास काम करावयाचें आहे कीं नाहीं, झेपेल कीं नाहीं, हें घरांत कोणी बोललेंच नाहीं." तिच्या वडिलांनीं मान खालीं घातली. त्यांत अपराधीपणापेक्षां आश्चर्यच अधिक होतें. खरोखरच ती गोष्ट त्यांना सुचली नव्हती.

त्यानंतर जें बोलणें झालें तें मीं ऐकलें नाहीं. तें त्यांच्या घरांतलें होतें. वही मात्र चार दिवसांनीं पुन्हा माझ्याकडे आली. आतां तींत तीन मार्ग लिहिले होते. एक, कमी शुल्काच्या आणि लहान शहरांतील विद्यापीठाचा. दुसरा, एक वर्ष येथेंच नोकरी करून पुंजी वाढवावी आणि शिष्यवृत्त्यांसाठीं वेळेवर अर्ज करावे असा. तिसरा, मूळचाच, पण कर्जाचा बोजा पुरता मान्य करून. प्रत्येक मार्गांत मुलीची कमाई जमेच्या बाजूस नव्हती. ती तळाशीं, निराळ्या रेघेखालीं, 'मिळाल्यास' असा शब्द घालून लिहिली होती. कोणता मार्ग घ्यावयाचा, हें अजून ठरावयाचें आहे. तिसरा मार्ग घेतला तर तिनें हेंहि लक्षांत ठेवावें लागेल कीं शिक्षणानंतर नोकरीसाठीं तेथें राहण्याचा जो दोन वर्षांचा अवधि मिळत असे, तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांस, संशोधनाची सर्वोच्च पदवी घेणारे सोडल्यास, अठरा महिन्यांचाच मिळावयाचा आहे. कर्ज फेडण्याची खरी आशा त्या अठरा महिन्यांवर असते, आणि ते महिने कामीं येतात ते ज्यानें वर्षभर अभ्यास नीट केला त्यालाच.

श्रोतेहो, आपल्या घरीं अशी वही असेल तर ती आज रात्रीं उघडा. तिसरी ओळ कोणाच्या श्रमावर लिहिली आहे तें पाहा, आणि ज्याच्या श्रमावर लिहिली असेल त्याला शेजारीं बसवून पुन्हा बेरीज करा. जमेच्या बाजूस फक्त हातांतले पैसे लिहा. उसने आणलेले, दाखविण्यापुरते ठेवलेले आणि अजून मिळवावयाचे, हे तिन्ही वगळा. एवढें करूनहि बेरीज जुळली, तर मुलाला निश्चिंतपणें निरोप द्या. मग त्यानें तेथें भांडीं घासलीं काय किंवा पुस्तकें लाविलीं काय, तें श्रम त्याला घडवितील; त्याला गिळून टाकणार नाहींत.